मैदानावरची दुबार पेरणी



एरवी आपली गाठ पडते ती बांधावर किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. तेव्हा आपले बोलणे बियाण्याचे, खताचे, बोंडअळीचे आणि पाऊस कधी पडणार याचे. आज मात्र मी खेळाविषयी लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, कृषी विस्तार अधिकाऱ्याला छपन्नाव्या वर्षी हे काय सुचले? निवृत्तीला दोन वर्षे राहिली, आता साहेब लंगोट बांधणार की काय? तसे काही नाही. मी कधीच मोठा खेळाडू नव्हतो. परभणीला बी.एस्सी. कृषी करताना वसतिगृहाच्या कबड्डीत डावा कोपरा सांभाळला, तेवढीच माझी मजल. पण एका खेळाडू पोराला मी एकदा एक सल्ला दिला होता. तो चुकीचा निघाला. ही गोष्ट गेली तेरा वर्षे मनात घर करून आहे. ती तुम्हांला सांगितली तर तुमच्यापैकी एखाद्याच्या घरातले लेकरू माझ्या त्या चुकीतून वाचेल, एवढीच आशा.

मी राहतो छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यात. पीर बाजाराच्या मागच्या अंगाला आमचे छोटेसे घर आहे. तालुक्याला आलेला ओळखीचा शेतकरी कोर्टकचेरीचे किंवा दवाखान्याचे काम आटोपून आमच्याकडे डोकावतो. सौ.ला त्याची सवय आहे. भाकरीचे पीठ ती दोन मुठी जास्तच मळते.

सन २०१२ ची गोष्ट. दुष्काळाचे ते साल तुम्ही विसरला नसाल. जायकवाडीने तळ गाठला होता. पैठण, अंबड, घनसावंगीच्या पट्ट्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. लोक टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवीत होते, आणि पैसे संपले की डोळ्यांत पाणी आणून त्याच झाडांवर कुऱ्हाड चालवीत होते. पैठण तालुक्यातल्या एका गावी माझ्या फार ओळखीचा एक शेतकरी होता. गावाचे आणि त्याचे नाव सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही. त्याची दोनशे झाडांची बाग होती. मी त्याला 'दादा' म्हणतो.

दादांचा थोरला मुलगा सोळा वर्षांचा होता आणि धावण्यात पटाईत होता. शाळेत जायचा पळत, यायचा पळत. शाळेच्या गुरुजींनी त्याला तीन हजार मीटरच्या शर्यतीत उतरवले. तालुक्याला पहिला, जिल्ह्याला पहिला. मग विभागाची स्पर्धा आली, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात. दादांनी त्या दिवशी बागेचे काम सोडले आणि पोराबरोबर आले. मीही कचेरीतून तासभर सुट्टी काढून गेलो.

पाचव्या फेरीत गर्दीत कुणाचा तरी पाय पायात अडकला आणि पोरगा तोंडावर आपटला. कुणी मुद्दाम पाडले असे मला दिसले नाही. उठला, पण गुडघे फुटले होते. लंगडत शर्यत पूर्ण केली आणि शेवटचा आला. एवढ्या मोठ्या मैदानात तो एकटाच धावत होता आणि लोक पुढच्या शर्यतीच्या तयारीला लागले होते, हे माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

संध्याकाळी बापलेक आमच्या घरी आले. सौ.ने पिठले-भाकरी वाढली. पोराने मान वर केली नाही. जेवण झाल्यावर दादांनी विचारले,

"साहेब, तुम्ही शिकलेले. सांगा, काय करावं या पोराचं? बाग तर चालली. आता याच्या पळण्याला बूट लागतात, दूध लागतं, येण्याजाण्याला पैसा लागतो. पळू द्यावं का बंद करावं?"

आता पाहा, माझा धंदाच सल्ला देण्याचा. विचारले की उत्तर द्यायचे, ही सवय हाडीमाशी भिनलेली. मी म्हणालो, "दादा, खेळाने पोट भरत नाही. आज पडला हे देवाने दाखवून दिले असे समजा. पळणे बंद. दहावी-बारावी नीट करा, मग आयटीआयला घाला. वाळूजला कुठेतरी चिकटेल."

दादांनी मान डोलावली. पोरगा काहीच बोलला नाही. ताट उचलून मोरीत ठेवायला गेला आणि बराच वेळ तिथेच हात धूत उभा राहिला. त्या दिवसानंतर तो धावला नाही.

बंधूंनो, आता माझ्या चुकीकडे नीट पाहा. तुमच्या शेतात पेरणी उगवली नाही तर मी काय सांगतो? 'शेती सोडा' म्हणतो का? नाही. मी म्हणतो, चला, शेतात जाऊ. बोटाने माती उकरून दाणा शोधू. दाणा कुजला का? खोल पडला का? उगवून मग वाळला का? का पुरेसा पाऊस होण्याआधीच पेरणी झाली? म्हणून तर आम्ही घसा कोरडा करून सांगतो की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. कारण सापडले की दुबार पेरणीचा विचार. हंगाम उरला असेल तर तेच पीक, नसेल तर दुसरे. पण जमिनीला दोष देऊन रान पडीक टाकायला मी आजवर कुणाला सांगितले नाही.

सोयाबीनचे घरचे बियाणे पारखताना तर आपण शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि त्यातले सत्तर उगवले तर बियाणे चांगले म्हणतो. तीस दाणे वाया गेले तरी पोते फेकत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका दाण्यावरून बियाण्याची होत नाही. आणि मी मात्र सोळा वर्षांच्या पोराची पारख एका संध्याकाळी, एका पडण्यावरून करून मोकळा झालो. का पडला, पुढे काय करता येईल, त्याला स्वतःला काय वाटते, हे काही विचारले नाही. पोराला तर प्रश्नच विचारला नाही!

दिवस गेले. पोरगा खरोखरच आयटीआय करून वाळूजच्या एका कारखान्यात लागला. लग्न झाले, घर चालले. माझा सल्ला बरोबर होता असेच मी धरून चाललो होतो.

मग आला ६ ऑगस्ट २०२२, शनिवार. त्या दिवशी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेस धावला.

ही स्टीपलचेस म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्या लोकांना ती चटकन समजण्यासारखी आहे. पूर्वी त्या देशात एका गावाच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत सरळ रेषेत पळायची पैज लागे. वाटेत कुंपण येई, बांध येई, ओढा येई. तो ओलांडून पुढे जायचे. त्याचीच ही मैदानी शर्यत झाली. तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा हौद. पुरुषांचा अडथळा सुमारे तीन फूट उंच आणि लाकडाचा भक्कम. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला की अडथळा पडतो. इथे अडथळा पडत नाही, माणूस पडतो. आपल्या पोरांनी शाळेत जाताना हेच केलेले असते, फक्त त्याला कुणी पदक दिलेले नसते.

अविनाशचा जन्म १९९४ चा, शेतकऱ्याच्या घरातला. आई-वडिलांनी वीटभट्टीवर राबून संसार केला. आष्टी तालुका म्हणजे कायम पावसाची वाट पाहणारा मुलूख. शाळा लांब, म्हणून पायी किंवा पळत जायचे. बारावी झाल्यावर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला, सिक्कीममध्ये राहिला. पदकासाठी नव्हे, घर चालावे म्हणून तो सैन्यात गेला होता. २०१५ साली तिथल्या क्रॉसकंट्री शर्यतीत तो धावू लागला. म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी! माझ्या हिशेबाने त्या वयाला 'आता काय उपयोग' म्हणून कागद बंद करायचा. मध्यंतरी दुखापतीने त्याचे वजन वाढले होते. ते त्याने सुमारे वीस किलोंनी उतरवले. अमरीश कुमार या सैन्यातल्या प्रशिक्षकांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले.

पुढेही सगळे सरळ झाले असे नाही. २०१८ ची आशियाई स्पर्धा घोट्याच्या दुखापतीने हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरात भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत संपवली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ३७ वर्षांचा विक्रम! २०१९ साली कतारमध्ये दोहाला जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या पडापडीत तो अडखळला. तरीही उठून त्याने राष्ट्रीय विक्रमाची वेळ दिली, पण पुढच्या फेरीच्या यादीत नाव नव्हते. भारताने हरकत घेतली, पंचांनी चित्रफीत पाहिली आणि त्याला अंतिम फेरीत घेतले. तिथे तो तेरावा आला. पण ८ मिनिटे २१.३७ सेकंदांची वेळ देऊन टोकियो ऑलिंपिकचे दार त्याने उघडले. १९५२ नंतर भारताचा या शर्यतीतला कुणी ऑलिंपिकला गेला नव्हता. टोकियोत २०२१ साली राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली. अपयशाच्या दिवशीच स्वतःची सर्वांत चांगली वेळ, हे त्याच्या बाबतीत एकदा नव्हे, दोनदा झाले.

आणि मग बर्मिंगहॅम. १९९८ ते २०१८ या काळातल्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. त्यांच्यात घुसून मांडव्याच्या पोराने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले. सोने घेणारा केनियाचा अब्राहम किबिवोट पुढे होता फक्त ०.०५ सेकंदाने. डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी.

घरात मी एकटाच टाळ्या वाजवीत होतो आणि टाळ्या वाजवता वाजवता थांबलो. दादांचा पोरगा आठवला. सौ. म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." पण तिला कळले असावे. त्या रात्री मोरीत हात धूत उभे असलेले पोर तिनेही पाहिले होते.

महिन्याभराने तोच पोरगा पीकविम्याच्या कागदासाठी घरी आला. आता सव्वीस वर्षांचा बाप्या, अंगावर कारखान्याचा गणवेश. चहा घेता घेता मी धीर करून विचारले, "शर्यत पाहिलीस का रे साबळेची?"

"पाहिली ना काका. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर. दहा वेळा पाहिली."

मी म्हणालो, "बाबा रे, त्या दिवशी मी तुला थांबवायला नको होते."

तो हसला. रागाचा लवलेश नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागले. म्हणाला, "काका, मी पदक आणलं असतं असं नाही म्हणत मी. त्याचं रगत वेगळं. माझं चाललंय बरं. पण पडल्यावर फिरून एकदा पळायला पाहिजे होतं बघा. हरलो असतो तरी चाललं असतं. माझी शेवटची शर्यत ती पडल्याचीच राहिली."

मंडळी, एवढे वाक्य ऐकायला मला दहा वर्षे लागली. खेळ पोराला नोकरी देतो का, पदक देतो का, हा हिशेब आपण मोठी माणसे मांडतो. तो चुकीचा नाही. पैसा नसला की मांडावाच लागतो. पण पडल्यावर उठता येते ही जी खात्री खेळ देतो, ती पुढे शेतात, संसारात, कर्जात, दुष्काळात उपयोगी पडते. ती खात्री मी त्या पोराच्या हातून काढून घेतली, हे माझे खरे नुकसान केल्याचे कर्म.

आता असे समजू नका की मी आता प्रत्येक पोराला 'शाळा सोड आणि धाव' असे सांगतो. तसे सांगणे म्हणजे दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा. हजारांत एखादा अविनाश साबळे होतो. बाकीच्यांना शेती, नोकरी, धंदा करूनच जगायचे आहे. म्हणून शाळा सोडायची नाही, हे पहिले. पण खेळ आणि शाळा ही एका जोडीची दोन बैलं आहेत; एकाला सोडले की दुसरे नीट चालते असे नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. म्हणजे 'खेळाने पोट भरत नाही' हे माझे म्हणणे तेव्हाही अर्धेच खरे होते. प्रमाणपत्रे मात्र बियाण्याच्या पावतीसारखी जपून ठेवावीत. हरवली की मग कुणी विचारत नाही.

ही सगळी उजळणी कशासाठी, तर मागच्या वर्षी, २०२५ च्या पावसाळ्यात, तोच प्रश्न पुन्हा आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरी चालत आला.

दादांची पुतणी, धाकट्या भावाची मुलगी, पंधरा वर्षांची. खो-खो खेळते. चपळ इतकी की कोंबडीच्या मागे धावली तर कोंबडीने हार मानावी. सरावात खांबाला वळसा घालताना पाय मातीत रुतला, अंग वळले आणि गुडघा मुरगळला. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला. गावातल्या एका चोळणाऱ्याने तो दोन दिवस गरम तेलाने चोळला, त्याने सूज आणखी वाढली. मग बाप तिला घेऊन शहरात आला. बरोबर दादाही होते.

मुलीच्या बापाने खाली मान घालून विचारले, "साहेब, पोरगी लंगडी झाली तर लगीन कसं व्हायचं? आता खेळणं बंद करावं म्हणतो."

दादा माझ्याकडे पाहत होते. ते काही बोलले नाहीत, पण तेरा वर्षांपूर्वीचे जेवण त्यांच्याही ध्यानात असणार. मी या वेळी बापाला उत्तर दिले नाही. आधी मुलीला विचारले, "तुला काय वाटते, बाई?"

ती म्हणाली, "काका, गुडघा बरा होईल का, तेवढं आधी सांगा. खेळायचं का नाही ते मी मग सांगते."

पाहा, पंधरा वर्षांच्या पोरीला जे कळले ते मला चाळिशी ओलांडूनही कळले नव्हते. आधी माती उकरून पाहावी, मग ठरवावे!

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गुडघा वाकवून, ओढून पाहिला, फोटो काढायला लावले. म्हणाले, आतला अस्थिबंध ताणला गेला आहे, तुटलेला नाही. पट्टा बांधून विश्रांती, मग मांडीच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम, मग चालणे, मग सरळ धावणे आणि सगळ्यांत शेवटी वळणे. घाई केली तर गुडघा पुन्हा जाईल; शिस्तीने केले तर पोरगी खेळेल. लग्नाचेही विचारले तेव्हा डॉक्टर हसले आणि म्हणाले, "ती लंगडी होणार नाही. तेल चोळणाऱ्याकडे पुन्हा नेली तर मात्र सांगता येत नाही."

इथे भगिनींनो, तुमच्यासाठी दोन शब्द, कारण घरात दुखणे आधी तुमच्यापाशी येते. सांधा मुरगळला की पहिले दोन दिवस चोळू नका आणि शेकूही नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पायावर भार देता येत नसेल, सूज फार असेल किंवा गुडघा चालताना निसटल्यासारखा वाटत असेल, तर थेट डॉक्टरकडे न्या. आणि खेळणाऱ्या मुलीच्या ताटात मुलाच्या ताटाइतकेच वाढा. शेंगदाणे-गूळ, डाळ, उसळ, दूध, चालत असेल त्या घरी अंडे. महागडे डबे आणायची गरज नाही. पुष्कळ मुलींच्या अंगात रक्त कमी असते आणि आपण म्हणतो 'पोरगी दमते'. ती दमत नाही, उपाशी असते.

त्या सहा आठवड्यांत मुलगी आमच्याकडेच राहिली, कारण व्यायाम शिकायला दर आठवड्याला दवाखान्यात जावे लागे. संध्याकाळी अंगणात बसून मी तिला गोष्टी सांगे. धाराशिवच्या सारिका काळेची सांगितली. घरची परिस्थिती इतकी बिकट की एक वेळ जेवून तिने खो-खोचा सराव केला. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताच्या महिला संघाची कर्णधार होती आणि संघाने सुवर्णपदक घेतले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीही आपल्या महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी जिंकली. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. ही तर पोरीला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती!

मग खाशाबा जाधवांची सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. मातीत कुस्ती खेळलेला गडी १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. गादी वेगळी, नियम वेगळे. पण 'आपले काम नाही' म्हणून तो परतला नाही. गादीचे डाव शिकला. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे! त्या माणसाचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता आपल्या राज्यात क्रीडा दिन म्हणून पाळतात.

ही गोष्ट सांगताना माझ्या मनात मात्र खाशाबांपेक्षा ते प्राचार्यच जास्त घोळत होते. एक जाणता माणूस घर गहाण टाकतो. आणि दुसरा, म्हणजे मी, पिठले-भाकरीवर फुकटचा सल्ला देऊन पोराला घरी बसवतो. दोघेही शिकलेलेच!

त्याच दिवसांत, जुलैमध्ये, बातमी आली की मोनाकोच्या शर्यतीत अविनाश साबळेच्या गुडघ्याला जबर इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोने आणणारा, २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी धावलेला आणि ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नावावर असलेला हा गडी पुन्हा खाटेवर. मुलीने मोबाईलवर बातमी वाचली आणि स्वतःच्या पट्टा बांधलेल्या गुडघ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ही रडणार. ती म्हणाली, "काका, म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाला पण पायरीपायरीनंच यावं लागंल." आणि उठून भिंतीला धरून व्यायाम करू लागली.

पुढे काय झाले ते सांगून संपवतो. दिवाळीनंतरच्या शालेय स्पर्धेत ती खेळू शकली नाही. संघाबरोबर गेली आणि कडेला बसून गुण लिहिले. संघ जिल्ह्याला हरला. ती घरी येऊन एक दिवस जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मैदानावर. यंदा, २०२६ च्या जानेवारीत, गावच्या मैदानावर शेजारच्या गावाशी साधा मैत्रीचा सामना ठेवला होता. तिला कळू न देता मी गेलो. दादा होते, तिचा बाप होता. आणि वाळूजहून रात्रपाळी करून थेट आलेला दादांचा मुलगाही होता, डोळे तांबारलेले.

पहिल्याच डावात ती खांबाला वळसा घालताना घसरून पडली. त्याच खांबापाशी! बापाने माझा हात घट्ट धरला. मैदान शांत झाले. तेवढ्यात दादांचा मुलगा उभा राहून ओरडला, "ऊठ, बाई! ऊठ! पळ!"

ती उठली. धूळ झटकली नाही, गुडघ्याकडे पाहिले नाही. पळाली. गडी काही बाद झाला नाही आणि सामनाही आमच्या गावाने गमावला. कुणाला पदक मिळाले नाही. पण परतताना दादांचा मुलगा मला म्हणाला, "काका, उद्या सुट्टी आहे. पहाटे जरा पळून यावं म्हणतो. बघू किती दम राहिलाय ते."

तीस वर्षांचा गडी आहे. किती दम राहिला असेल ते त्याचे तोच पाहील. या वेळी मी त्याला काहीही सल्ला दिला नाही.

तर बंधुभगिनींनो, तुमच्या घरचे लेकरू हरून आले, पडून आले, निवड न होता आले, तर त्या रात्री त्याला पोटभर जेवू घाला आणि निकाल देऊ नका. सकाळ होऊ द्या. मग त्याच्याशेजारी बसून, पेरणी उगवली नाही तेव्हा जशी माती उकरता, तशी हळूच माती उकरा. कारण शोधा, त्याचे म्हणणे ऐका. हंगाम उरला असेल तर पुन्हा पेरा. नसेल तर दुसरे पीक घ्या. पण शेवटची शर्यत पडल्याची राहू देऊ नका.